जाऊबाई, जीभ वर करा

"या घरात यांना न घाबरणारं कोण आहे?" असं क्षयरोग केंद्राच्या सिस्टरने विचारलं, आणि खोलीत बसलेल्या सगळ्यांनी मुकाट्याने एकाच भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. भिंतीपलीकडे मात्र धाकटी राहत होती, आणि त्या वेळी ती आपल्या स्वयंपाकघरात कांदा चिरत उभी होती. आपलं नाव निघालंय याचा तिला पत्ता नव्हता. तसं नाव निघालंही नव्हतं. थोरलीच्या घरात ते काढायची कुणाची छाती नव्हती.

दोघी सख्ख्या जावा. दारं शेजारीशेजारी, मधे एक भिंत, पुढे दोन्ही घरांचा मिळून एकच मोकळा सज्जा. बोलणं टाकल्याला इतकी वर्षं झाली होती की भांडण नेमकं कशावरून झालं याबद्दल घरात मतभेद होते. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, न्हाव्याकडे भेटत. ठरवून, आगेमागे, इकडेतिकडे बघत. एखाद्या लफड्यातल्या जोडप्यासारखे. थोरल्याला पुढे पार टक्कल पडलं, तरी त्याचं न्हाव्याकडे जाणं काही थांबलं नाही.

थोरली थिएटरच्या तिकीटखिडकीवर बसायची. काचेला खाली अर्धगोल भोक होतं, आणि त्या भोकातून तिने गावातल्या दोन पिढ्यांचा अपमान केला होता. नोट चुरगळलेली असेल तर एक शब्द, सीट कुठली मिळेल असं विचारणाऱ्याला दुसरा, आणि सिनेमा चांगला आहे का असं विचारणाऱ्याला असा तिसरा, की तो माणूस पडदा सरकेपर्यंत खाली मान घालून बसायचा. लोक तिकीट घेऊन जाताना वर तिलाच थँक्यू म्हणत.

तिला क्षय झाला तेव्हा पहिल्या खेपेला नेहमीच्याच गोळ्या मिळाल्या होत्या. दोनेक महिन्यांत तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर गोळ्या खाणं हा तिला आपला अपमान वाटू लागला. गोळ्या घेतल्या की नाही हे बघायचं काम नवऱ्याकडे आणि मुलाकडे होतं. नवरा समोर उभा राही. ती गोळी तोंडात टाकी, पाणी पिई, आणि त्याच्याकडे अशी बघे की त्याला खिडकीबाहेर बघावं लागे. मुलाला आईची दया येई. तिला मळमळतं, कडू लागतं, एक दिवस नाही घेतली तर काय बिघडतं, असं त्याचं चाले. पुढे त्या गोळ्या सोफ्याच्या गादीखाली सापडल्या, पावडरच्या रिकाम्या डब्यात सापडल्या, आणि काही सज्ज्यातल्या कुंडीत रुजायला घातलेल्या सापडल्या. केंद्रातून विचारणा झाली की दोघे बापलेक एका सुरात सांगत, घेतल्या.

मग खोकला परत आला. वजन उतरलं. थुंकीची तपासणी झाली आणि कळलं, की जंतू आता त्या गोळ्यांना भीक घालत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, पहिली फळी निकामी झाली, आता दुसऱ्या फळीच्या गोळ्या सुरू करायच्या. मूठभर गोळ्या, रोज, दीड वर्षाच्याही वर. आणि या वेळी लपवाछपवी केली तर पुढची फळी म्हणून दाखवायला आमच्याकडे फारसं कुणी नाही.

म्हणून सिस्टर घरी आली होती, आणि म्हणून सगळे भिंतीकडे बघत होते.

सिस्टर ठेंगणी, घाईतली बाई. तिने भिंतीमागे काय आहे ते विचारून घेतलं आणि सरळ जाऊन धाकटीचं दार वाजवलं. काय हवंय ते तिने उभ्याउभ्याच सांगितलं. धाकटी म्हणाली, त्यांना जगवायला अख्ख्या गावात मीच सापडले का?

"जगवायचं काम गोळ्यांचं," सिस्टर म्हणाली. "तुम्ही फक्त गिळताना बघायचं. दया येणारी माणसं त्या घरात भरपूर आहेत. त्यांनीच घोळ केलाय."

धाकटीने नाही म्हणून सांगितलं. सिस्टर वळली. तेवढ्यात धाकटीच्या मनात काहीतरी आलं.

"बघायचं म्हणजे कसं बघायचं?"

"तोंड उघडायला लावायचं. जीभ वर करायला लावायची. गालात बघायचं."

"त्यांना? मी?"

"रोज सकाळी."

धाकटीने हातातली सुरी खाली ठेवली. इथे खरं ते सांगितलं पाहिजे. त्या वेळी तिला कणव वगैरे काही आली नाही. तिच्या डोळ्यांसमोर जाऊबाई आ वासून खुर्चीत बसलेल्या उभ्या राहिल्या, आणि ते दृश्य तिला फार आवडलं. कामावर जायच्या आधी जमेल, असं ती म्हणाली.

थोरलीने हे ऐकलं तेव्हा, त्यापेक्षा मी मेलेली बरी, असं सांगितलं. सिस्टर म्हणाली, मरायला आमची हरकत नाही, पण जाताना घरात खोकून नवऱ्याला आणि मुलाला सोबत न्याल, आणि त्यांनाही मग हीच औषधं लागतील. मग थोरलीने अटी घातल्या. धाकटीने घरात पाऊल टाकायचं नाही. कामापुरतं बोलायचं. आणि शिकवायचं नाही.

अटी मान्य झाल्या. पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता, कारण बंद खोलीत हे करायचं नाही असं सिस्टरने आधीच बजावलं होतं. मोकळा सज्जा ठरला. थोरलीची खुर्ची कठड्याशी, धाकटीने वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, दोघींच्या तोंडाला मास्क.

पहिल्या सकाळी धाकटी जरा नीटनेटकी होऊनच आली. केस विंचरलेले, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात. ती शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. तयार शर्ट टेबलावर आला की ती कॉलर उलटी करी, काजं-बटणं बघे, बगलेतली शिवण ताणून बघे, आणि खोट सापडली की लाल चिठ्ठी चिकटवून शर्ट बाजूला भिरकावी. शिवणकाम करणाऱ्या बायका तिला मागून 'लाल चिठ्ठी' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडत होतं.

मुलाने बशीत गोळ्या मोजून आणल्या. पांढऱ्या, पिवळ्या, एक तपकिरी गुळगुळीत कॅप्सूल. थोरलीने एकेक तोंडात टाकली, वर पाणी प्यायली, आणि रस्त्याकडे बघत बसली. दोघे बापलेक दारातून बघत होते. धाकटीने घसा साफ केला. इतक्या वर्षांनंतरचे पहिले शब्द होते ते.

"जाऊबाई, तोंड उघडा."

थोरलीने उघडलं आणि लगेच मिटलं.

"जीभ वर करा."

"गिळल्या सगळ्या."

"शर्ट शिवणाऱ्या पण असंच सांगतात. जीभ वर करा."

जीभ वर झाली. खाली एक पिवळी गोळी आरामात पडली होती.

"ही कोण?" धाकटीने विचारलं.

"राहिली असेल."

"मग तिला पण आत पाठवा. आणि परत दाखवा."

थोरलीने गोळी गिळली आणि असा मोठा आ केला की धाकटीला पडजीभ दिसली. एवढा मोठा की त्यात शिवी होती. धाकटीने शांतपणे वर बघितलं, खाली बघितलं, डावा गाल, उजवा गाल, आणि म्हणाली, ठीक आहे, जाऊ द्या. हे शब्द ती पास झालेल्या शर्टाला म्हणायची.

त्या दिवशी कारखान्यात तिने एकही शर्ट परत पाठवला नाही, असं म्हणतात.

पण थोरली काय अशी ऐकतेय. महिनाभर तिने आपली सगळी कला वापरून पाहिली. गोळी दाढेमागे ठेवली, मास्क लावताना हळूच त्यात सोडली, शिंकेचं निमित्त करून रुमालात घेतली. धाकटीने दाढा मोजल्या, मास्क झटकला, रुमाल मागून घेतला. तिला यात गोडी वाटायला लागली. इकडे थोरलीला कळून चुकलं की या बाईला डोळे वटारून काही होत नाही, कारण डोळे वटारलेले बघायलाच ही येते. मग तिने गोळ्या गिळायला सुरुवात केली आणि सगळा राग जिभेवर घेतला. जीभ वर करून खाली ठेवायच्या आधीच तिचं सुरू व्हायचं.

धाकटीचे बूट, धाकटीचं चालणं, धाकटीच्या केसांचा कलप. धाकटीच्या माहेरची माणसं, त्यांची नाकं. अटीप्रमाणे बोलणं कामापुरतं असायला हवं होतं, पण अट थोरलीनेच घातली होती आणि ती तिनेच मोडली, तेव्हा धाकटीनेही हात धुऊन घेतले. ती 'तुम्ही' सोडत नव्हती. मान देऊनच टाकून बोलायची. तुम्ही फारच हुशार, जाऊबाई. तुमच्या हुशारीमुळेच तर साध्या औषधाचं भागलं नाही. सकाळी सज्ज्यात हे एवढ्या जोरात चाले की खालच्या मजल्यावरचे लोक रेडिओ बंद करून ऐकत.

गोळ्याही आपलं काम करत होत्या, आणि त्यांचा स्वभावही काही गोड नव्हता. थोरलीला दिवसभर तोंडात लोखंड धरल्यासारखं लागे. उलट्या होत. तळपायांना मुंग्या येऊन तिला चप्पल पायात आहे की नाही हे खाली बघितल्याशिवाय कळेना. छातीला वायरी लावून हृदयाच्या पट्ट्या काढून झाल्या. आणि मग त्या तपकिरी कॅप्सूलने तिचा रंग बदलायला घेतला. थोरली गोरी होती आणि धाकटी लग्न होऊन आल्यापासून थोरलीने तो गोरेपणा तिच्या तोंडावर मारलेला होता. तो आता हळूहळू भाजल्या विटेसारखा झाला. औषध थांबलं की काही महिन्यांनी रंग परत येतो, असं सिस्टरने सांगितलं. पण तोवर आरसा होताच.

एका सकाळी थोरली हाताकडे बघत बसली होती. धाकटीने आपला हात तिच्या शेजारी कठड्यावर ठेवला. दोन्ही रंग आता सारखेच होते.

"आत्ता कुठे आपण सख्ख्या जावा दिसतोय," धाकटी म्हणाली.

थोरलीला एकदम उबळ आली. ठसका होता की हसू, हे मास्कमुळे कळलं नाही. पण त्या दिवशी तिने फक्त बुटांवर बोलून सोडून दिलं.

चारेक महिने झाले असतील. थुंकी तपासली तर जंतू सापडेनात. सिस्टर खूश होती. आणि मग एक सोमवार असा आला की थोरलीने गोळ्या गिळल्या, सांगायच्या आधी तोंड उघडलं, जीभ वर केली, मिटलं, आणि काही बोलली नाही.

धाकटी थोडी थांबली. बूट तेच होते. ती म्हणाली, "बरं मग, येते." थोरलीने मान हलवली.

मंगळवारी तेच. बुधवारी धाकटी मुद्दाम अंगात हिरवा-केशरी स्वेटर घालून आली. तो तिचा तिलाच बघवत नसे. थोरलीने स्वेटरकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मग धाकटीने ठेवणीतलं अस्त्र काढलं. थिएटरवाल्यांनी तुमच्या जागी नवी मुलगी बसवलीय म्हणे, ती म्हणाली, आणि रांगेतली माणसं म्हणतात, आधीचीपेक्षा ही शंभर पटीने बरी.

हे ऐकून थोरलीने वर पाहिलं.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून या बाईने कुणाचं काही बरोबर आहे असं म्हटलेलं धाकटीने ऐकलं नव्हतं.

ती घरात पाऊल न टाकायची अट विसरून सरळ आत गेली आणि बापलेकांना गाठलं. भाऊजी पेपर वाचत होते. एवढा निवांत पेपर त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच वाचला असेल. त्यांनी सांगितलं, ही आता फार शांत झालीय, वयाने माणूस निवळतं. मुलगा म्हणाला, काकू, देवाची कृपा समज. आई सोमवारपासून मला एकदाही टाकून बोललेली नाही, उलट तिने मला तिचं घड्याळ देऊन टाकलं.

"का दिलं?"

"मला आता नको, म्हणाली."

धाकटीने बाहेर येऊन थोरलीच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा जाऊबाईंच्या शेजारी बसली. काय होतंय, असं तिने विचारलं. थोरली जिन्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलली.

"लोक उभे आहेत गं. खालपर्यंत रांग आहे. तिकिटं संपलीत, हे त्यांना कोण सांगणार?"

जिन्यात कुणी नव्हतं.

"कधीपासून आहे रांग?" धाकटीने विचारलं.

"रविवारपासून. ते काही बोलत नाहीत. नुसते बघतात. मी उठले तर जातील बहुतेक. मी नसलेच इथे, तर जातील."

धाकटीने तिचा हात धरला आणि भाऊजींना हाक मारली. हाक अशी होती की पेपर खाली पडला. यांना एक मिनिट एकटं सोडायचं नाही, तिने सांगितलं, आणि सज्ज्यात तर अजिबात नाही. मग कारखान्यात फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि हिरव्या-केशरी स्वेटरमध्येच तरातरा केंद्रावर गेली.

सिस्टर बाहेर फेरीला गेली होती. डॉक्टर होते, रांगही होती. धाकटीने रांगेतल्यांची माफी मागितली आणि आत शिरली. डॉक्टरांनी कागद पुढे ओढून विचारलं, पेशंटची तक्रार काय?

"तक्रार करत नाहीत, हीच तक्रार," धाकटी म्हणाली. "सोमवारपासून त्या मला काहीही बोललेल्या नाहीत."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. बहुधा हसणार होते. धाकटीने त्यांना घड्याळाचं सांगितलं, रांगेचं सांगितलं, आणि मी नसले तर जातील हे वाक्य जसं होतं तसं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसायचं राहून गेलं.

त्यांनी समजावून दिलं, की या गोळ्यांतली एक, सायक्लोसेरिन नावाची, काही जणांच्या डोक्यावर परिणाम करते. कुणाला उदास वाटतं, कुणाला नसलेलं दिसतं-ऐकू येतं. माणूस स्वतःहून सांगत नाही, कारण त्याला ते खरंच वाटतं. घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. घरच्यांना काही वेगळं जाणवलं नाही का, असं त्यांनी विचारलं.

"जाणवलं ना. त्यांना बरं वाटलं."

डॉक्टरांनी ती गोळी त्याच दिवशी बंद केली आणि थोरलीला केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. बंद केलेल्या गोळीच्या जागी दुसरी आली. बाकीच्या चालूच राहिल्या. परिणाम ओसरायला थोडे दिवस लागतील, तोवर कुणीतरी सतत सोबत हवं, आणि जरा काही वाटलं तर ताबडतोब आणायचं, असं बजावून सांगितलं. मुलगा नोकरीला जाणारा. भाऊजी बायकोजवळ बसले की पाचव्या मिनिटाला डोळे पुसत, मग थोरलीच त्यांना पाणी आणून देई. शेवटी धाकटीने कारखान्यातून रजा काढली आणि बसली.

त्या दुपारी फार लांब गेल्या. धाकटीला शांत बसायची सवय नव्हती आणि शांत थोरलीची तर मुळीच नव्हती. रांग अजून आहे का, असं ती अधूनमधून विचारी. थोरली जिन्याकडे बघून सांगे, आहे, पण कमी झालीय. एकदा धाकटी उठून जिन्याच्या तोंडाशी गेली आणि खाली बघत ठणकावून म्हणाली, की खिडकी बंद आहे, आपापल्या घरी जा. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण थोरली म्हणाली, "अशाने नाही ऐकत ते. जरा अपमान करावा लागतो." आणि तिच्या आवाजात कुठेतरी जुनी खिडकी किंचित किलकिली झाली.

त्याच बैठकीत कधीतरी भांडणाचा विषय निघाला. थोरलीनेच काढला. मी तुझ्याशी का बोलत नव्हते, आठवतंय का तुला? धाकटी म्हणाली, न आठवायला काय झालं. माझ्या भावाला तुम्ही चारचौघांत बिनकामाचा म्हणालात. थोरलीने आठवून पाहिलं. असं मी म्हटलं असेन, ती म्हणाली, तो होताच बिनकामाचा; पण त्यावरून कुठे काय झालं? मी बोलायची बंद झाले ते सासूबाईंच्या आजारपणात. तू त्यांच्या उशाशी बसून मला ऐकू येईल असं म्हणालीस, की या घरात काम एकटी मीच करते.

धाकटीला हे वाक्य अजिबात आठवत नव्हतं. तिने बराच विचार केला. म्हणजे इतकी वर्षं दोघी वेगवेगळ्या भांडणांवर न बोलता बसल्या होत्या. मग माझ्या भावाच्या भांडणात तुम्ही होताच कुठे, तिने विचारलं. थोरली म्हणाली, आणि माझ्या भांडणात तू तरी कुठे होतीस. दोघींना थोडं फसवल्यासारखं वाटलं. माफी मागायची तर कुणी कुणाची आणि कशाची, हे काही ठरेना, तेव्हा दोघींनी तो विषय सोडून दिला.

आठ-दहा दिवसांनी सकाळी धाकटी बशी घेऊन आली. थोरलीने गोळ्या घेतल्या, जीभ वर केली, खाली केली, आणि धाकटीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा स्वेटर तू त्या दिवशी पण घातला होतास ना?"

"हो."

"मला वाटलं, तो पण मला भासच झाला. इतकं वाईट कुणी खरोखर विणत असेल असं वाटलं नाही."

धाकटी बशी उचलून आपल्या घरात गेली, दार लावलं, आणि नळ सोडून मोरीपाशी उभी राहिली. नवऱ्याने विचारलं, काय झालं? तिने सांगितलं, जाऊबाई फार घाणेरडं बोलल्या. आणि डोळे पुसत हसायला लागली. नवरा बिचारा गोंधळला. त्याने त्या आठवड्यात न्हाव्याकडे भावाला हे सांगितलं, आणि भावाने सांगितलं की आमच्याकडेही पेपर वाचणं परत बंद झालंय.

पुढचे महिने सुखाने गेले असं म्हणवत नाही. तळपायांच्या मुंग्या राहिल्याच. एकदा रक्त फारच कमी झालं म्हणून एक गोळी काही दिवस अर्धी करावी लागली. एकदा थोरलीने कंटाळून बशी सज्ज्याबाहेर भिरकावली, आणि धाकटीने खाली रस्त्यावर जाऊन, दोन माणसांना बाजूला करून, सगळ्या गोळ्या वेचल्या. त्या धुळीच्या म्हणून टाकल्या, पण मोजून टाकल्या, नव्या मागवल्या, आणि त्याच दिवशी गिळायला लावल्या. त्यावर दोघींचं जे वाजलं ते ऐकायला खालच्या मजल्यावरच्यांनी पाहुणे बोलावले असते तरी चाललं असतं. पण एकही सकाळ चुकली नाही. धाकटीला ताप आला त्या दिवशी ती सज्ज्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिथून ओरडून जीभ वर करवून घेतली.

शेवटच्या तपासण्या झाल्या. छातीचा फोटो, थुंकी, रक्त. सगळे मिळून केंद्रावर गेले. थोरलीचं अंग भरलं होतं. रंग मात्र अजून विटेचाच होता. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलं की उपचार पूर्ण झाले, तुम्ही बऱ्या झालात, आता काही काळ तपासणीला तेवढं येत राहायचं. भाऊजींनी रुमाल काढला. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने बापलेकांकडे वळून दोन शब्द बोलायला सुरुवात केली. असे पेशंट घरच्यांच्या प्रेमामुळेच बरे होतात, असं काहीतरी.

"नाही हो," थोरली म्हणाली. "प्रेम होतं तेव्हा मी मरतच होते."

सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. धाकटी दारात पर्स धरून उभी होती. तिला ते वाक्य समजलं. पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हा तिचा पक्का नेम होता, म्हणून तिने घड्याळात पाहिलं आणि आता बस चुकेल म्हणाली.

भाऊजी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. दोघी जावा बसने निघाल्या. बस भरलेली होती. मधल्या रांगेत एकच जागा रिकामी होती.

"बसा," धाकटी म्हणाली.

"तू बस."

"तुम्ही आजारातून उठलाय."

"डॉक्टरांनी आत्ता काय सांगितलं? ऐकू येत नाही का तुला?"

"मोठ्या आहात म्हणून म्हटलं."

"म्हातारी म्हण ना सरळ."

बस सुटली तरी हे चालूच होतं. दोघी एकाच दांड्याला धरून उभ्या होत्या. इतक्यात मागून एक टाय लावलेला गृहस्थ आला, एक्स्क्यूज मी म्हणून दोघींच्या मधून वाट काढली आणि त्या जागेवर बसला.

मग दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे मान वळवली. सुरुवात थोरलीने केली, अगदी हळू आवाजात, आपण आंधळे आहात का असं आपुलकीने विचारून. तिने श्वास घ्यायच्या आत धाकटीने उचललं, धाकटी थांबली तिथून थोरलीने. गृहस्थाने प्रथम टाय सैल केला. मग, मला कल्पना नव्हती, असं म्हणाला. कल्पना नसायला काय झालं होतं, इथून ते त्याच्या आईवडिलांच्या कष्टांपर्यंत दोघी पोचल्या, तेव्हा तो उठला आणि पुढच्या दाराशी जाऊन, पाठ करून उभा राहिला.

जागा परत रिकामी झाली.

"बसा आता," धाकटी म्हणाली.

"तू बस," थोरली म्हणाली.

कंडक्टर हे सगळं लांबून बघत होता. पुढच्या स्टॉपवर एक बाई चढली आणि जागा बघून तिकडे निघाली, तेव्हा त्याने तिला हाताने थांबवलं आणि हळूच सांगितलं की ती जागा मोकळी नाही.